माथेरानच्या फोटोत नसलेला मुलगा
(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत. विषय दिला होता, ‘आयटीतली बावीस वर्षं’. त्यावर बोलण्यासारखं फारसं नाही. इंजिनिअर झाले, नोकरी लागली, अजून टिकून आहे. एवढ्यात संपलं. उरलेल्या चौदा मिनिटांत मी दुसरंच काहीतरी सांगणार आहे. समितीची माफी मागते, पण माइक आता माझ्या हातात आहे.

मघाशी पडद्यावर आपल्या आठवीच्या सहलीचा फोटो दाखवला. माथेरान, डिसेंबर १९९३. सगळ्यांनी ओरडून ओरडून एकेकाचं नाव घेतलं. कोणाची टोपी, कोणाचा स्वेटर, कोणाच्या हातातली चिक्की, सगळं आठवलं. त्या फोटोत माझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा नाही, हे मात्र कोणी म्हणालं नाही. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

माझी दोन मुलं आहेत. मोठा मुलगा पंधरा वर्षांचा, धाकटी मुलगी अकरा वर्षांची. दोघांनाही ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. मुलांची नावं मी इथे मुद्दाम घेत नाही. मोठी झाल्यावर त्यांची गोष्ट सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवावं. मी फक्त आमच्या प्रवासांचं सांगते, कारण आई म्हणून मी जे काही शिकले ते बहुतेक गाडीत बसून शिकले.

मुलगा तीन वर्षांचा असताना, २०१२ मध्ये, निदान झालं. तेव्हा तो बोलत नव्हता. नंतर बोलायला लागला तो स्टेशनांची नावं. मुंब्रा नाही, कळवा नाही; सुरुवात मुलुंडपासून आणि मुंबईच्या दिशेनेच. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी, घाटकोपर. ‘आई’ म्हणायच्या आधी तो ‘कांजूरमार्ग’ म्हणाला. नातेवाइकांना याचं वाईट वाटायचं. मला नाही वाटलं. तीन वर्षं घरात शांतता होती, त्यानंतर कांजूरमार्गसुद्धा ओवीसारखा वाटतो.

मी नोकरी करते म्हणून असं झालं, हेही मी ऐकलं आहे. ऐकवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं की ते एक जुनंच मत पुन्हा सांगत होते. ऑटिझमचं सविस्तर वर्णन लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये केलं. त्यानंतर बरीच वर्षं अमेरिकेतसुद्धा आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं म्हणत. ते मत खोडायला सुरुवात केली बर्नार्ड रिमलँड यांनी, १९६४ च्या पुस्तकातून. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. ही माहिती मला पहिल्याच वर्षी कोणी दिली असती, तर काही रात्री मी झोपले असते.

तर प्रवास. घरात बसून राहिलो तर हा मुलगा घरातच राहील, हे आम्हाला लवकर कळलं. म्हणून आम्ही सरावाला लागलो. पहिला महिना दुपारी बाराला नुसतं मुलुंड स्टेशनवर जायचं, पुलावर उभं राहून गाड्या बघायच्या आणि परत यायचं. मग एक स्टेशन, नाहूरपर्यंत. मग भांडुप. निघण्याआधी मी कागदावर चित्रं काढायची: घर, रिक्षा, तिकीट, गाडी, खिडकी, परत घर. एकेक गोष्ट झाली की तो त्यावर फुली मारायचा. पुढे काय होणार हे दिसलं की त्याची अर्धी भीती जायची. तुमची-माझीही जाते, फक्त आपल्याला चित्र लागत नाही.

तो सात वर्षांचा असताना एका रविवारी आम्ही दादरहून परत येत होतो. मी आणि तो, बायकांच्या डब्यात, धिम्या गाडीत. माझ्या चित्रांच्या कागदावर सगळी स्टेशनं क्रमाने होती. त्या दिवशी मेगाब्लॉक होता, आणि तो मी पाहिला नव्हता. तुम्हाला माहीत आहे काय होतं ते: माटुंग्यापासून धिमी गाडी जलद मार्गावर नेतात आणि मधली काही स्टेशनं वगळतात. कुर्ला गेलं, पुढे विद्याविहार यायला हवं होतं. गाडी थांबलीच नाही. त्याने कागदाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि किंचाळायला लागला. घाटकोपरला गर्दी आत आली. कांजूरमार्ग गेलं, तेही न थांबता. तो खाली लोळत होता आणि डोकं सीटच्या लोखंडावर आपटत होता. एक बाई म्हणाल्या, “एक ठेवून द्या, गप्प होईल.” दुसऱ्या म्हणाल्या, “आजकालच्या आयांना वळण लावायला वेळ कुठे आहे?” मी माझा हात त्याच्या डोक्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये धरून बसले होते. उत्तर द्यायला तोंड होतं, पण हिंमत नव्हती.

डब्यात पिना आणि टिकल्या विकणारी एक बाई होती. तिने तिची टोपली उचलून दाराकडे सरकवली, जागा केली आणि गर्दीला म्हणाली, “जरा लांब व्हा गं, पोराला वारा लागू द्या.” मग आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, आडोशासारखी. तिने मला काहीही विचारलं नाही. मुलुंडला आम्ही उतरलो तेव्हा मी आभारही मानले नाहीत, कारण मला बोलता येत नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्याच वेळेची गाडी धरली, पण ती दिसली नाही.

त्यानंतर आमच्या चित्रांमध्ये एक नवं कार्ड आलं. त्यावर फक्त ‘बदल’ असं लिहिलेलं. चुकीचा संदेश कधी येईल हे प्रोग्राम लिहिताना माहीत नसतं, पण तो येईल हे गृहीत धरून जागा ठेवावी लागते. बावीस वर्षं मी हेच काम करते आणि स्वतःच्या मुलाच्या कागदावर मात्र ती जागा ठेवली नव्हती. आता ते कार्ड रोज शेवटी असतं. गंमत म्हणजे मेगाब्लॉकची बातमी शोधून वाचणं हा त्याचा शनिवारचा कार्यक्रम झाला. आमच्या सोसायटीत रविवारी कुणाला सासरी जायचं असेल तर आधी त्याला विचारतात. आज सकाळी डोंबिवलीहून येणाऱ्यांना ग्रुपवर गाड्यांचा जो निरोप मिळाला, तो माझा नव्हता. तो त्याचा होता.

आता धाकटीची गोष्ट. इथे मी चुकले, ते सांगते.

२०१८ च्या मे महिन्यात आम्ही गावी निघालो, कणकवलीला उतरून पुढे. मांडवी एक्सप्रेस, ठाण्याहून, स्लीपरचा डबा, सगळे एकत्र. मुलगा नऊ वर्षांचा. त्याने कोकण रेल्वेचा अभ्यास करून ठेवला होता: ७४१ किलोमीटर, ९१ बोगदे, आणि रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा सगळ्यात लांब बोगदा. तीन महिने घरात करबुडे चाललं होतं. धाकटी तेव्हा पाच वर्षांची. बोलकी, गाणी म्हणणारी. तिला काही असेल असं आमच्या मनातही नव्हतं. ती मिक्सर लावला की पळून जायची, गर्दीत कान झाकायची, एकाच रंगाचे कपडे घालायची. आम्ही म्हणायचो, हट्टी आहे. घरात एकाला आहे म्हणून दुसरीकडे आम्ही नीट पाहिलंच नव्हतं.

रोह्यानंतर बोगदे सुरू झाले. उघड्या खिडक्या, अंधार आणि तो आवाज. मुलगा आनंदाने टाळ्या वाजवत मोजत होता आणि धाकटी माझ्या मांडीत डोकं खुपसून थरथरत होती. प्रत्येक बोगद्यात तिची किंकाळी वाढत गेली. शेवटी तिला उलटी झाली, श्वास लागला. चिपळूण आलं आणि नवरा म्हणाला, उतरू या. आम्ही सामान खाली घेतलं. आणि मग दुसरं सुरू झालं. करबुडे चिपळूणच्या पुढे आहे. गाडी मुलाच्या डोळ्यांसमोरून निघून गेली. फलाटावर एकीला मी धरलं होतं, एकाला नवऱ्याने. दोघंही ओरडत होती, उलट्या कारणांनी. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की भावंडांपैकी एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष असू शकतं.

चिपळुणात एका लॉजवर रात्र काढली. तिथल्या व्यवस्थापकाने आवाजाबद्दल दोनदा दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी गाडी करून गावी गेलो. मुलगा दोन दिवस एकच वाक्य म्हणत होता, “करबुडे राहिला.”

परत आल्यावर धाकटीला दाखवलं. तपासण्या, थांबणं, पुन्हा तपासण्या असं होत २०१९ मध्ये निदान झालं. मुलींमध्ये ते बऱ्याचदा उशिरा लक्षात येतं, कारण मुली इतरांचं पाहून वागणं झाकून घेतात. डॉक्टरांनी एक आकडा सांगितला, तो मी पुढे स्वतः वाचून काढला. मोठ्या भावंडाला ऑटिझम असेल तर धाकट्यालाही असण्याचं प्रमाण सुमारे पाचांत एक, असं २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं आणि २०२४ मध्ये तेच पुन्हा दिसलं. म्हणजे आम्ही काही जगावेगळे नव्हतो. ज्यांच्या घरी एक मूल असं आहे, त्यांना माझी एवढीच विनंती: धाकट्यालाही वेळेत दाखवा. घाबरायचं म्हणून नाही. हट्टी म्हणून रागवायचं वाचावं म्हणून.

त्याच वर्षी दिवाळीत आम्ही पुन्हा मांडवीची तिकिटं काढली. या वेळी दोन डब्यांची. मुलगा आणि बाबा स्लीपरमध्ये, उघड्या खिडकीशी. मी आणि धाकटी थ्री एसीत, बंद काचा, पडदा ओढलेला, आणि तिच्या कानांवर बांधकामावरचे कामगार लावतात तसले जाड कानझाकणे, हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले. सासूबाईंना हे अजिबात आवडलं नाही. “एका गाडीने जायचं आणि वेगवेगळं बसायचं? लोक काय म्हणतील, भांडून निघालेत?” मलाही आत कुठेतरी ते लागत होतं. सहल म्हणजे सगळ्यांनी एकत्र डबा उघडायचा, हे आपल्या अंगात भिनलेलं आहे.

करबुडे आला तेव्हा मी घड्याळ बघत होते. धाकटी चित्र रंगवत होती. एकदा वर पाहिलं, म्हणाली, “रात्र झाली?” मी म्हटलं, “थोडा वेळ.” पुन्हा रंगवायला लागली. रत्नागिरीला नवऱ्याचा फोन आला. तो काही बोललाच नाही, फोन मुलाच्या तोंडाशी धरला. पलीकडून एकच शब्द आला, “झाला.” मी एसी डब्यात पडद्याआड बसून रडले. सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी मी त्या डब्यात बसेन, मलाही खिडकी पाहिजे.”

आमचं कुटुंब तेव्हापासून असं चालतं. कधी एकत्र, बऱ्याचदा दोन डब्यांत. पण गाडी एकच असते.

थोडं कामाचं सांगते, कारण इथे आजीआजोबा झालेलेही कोणी असतील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यात आहे. प्रमाणपत्रासाठी चाळीस मुद्द्यांची एक भारतीय मापनपद्धती वापरतात, तिला ‘इसा’ म्हणतात. प्रमाणपत्र काढा. बरेच पालक शिक्का बसेल म्हणून काढत नाहीत, आम्हीही उशीर केला. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, तिची चौकशी करा. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे. मात्र तिथे चढलात की कोणीतरी म्हणणारच, “हा तर धडधाकट दिसतोय.” आम्ही कार्ड गळ्यात अडकवतो. काही ऑटिझम असणारी मुलं धडधाकटच दिसतात. न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी इंग्लंडमध्ये गॅटविक विमानतळावर २०१६ मध्ये सूर्यफुलाची चित्रं असलेली गळपट्टी सुरू झाली, ती आता अनेक देशांत चालते. आपल्याकडे सूर्यफूल ओळखणारे अजून थोडे आहेत, म्हणून आमचं साधं कार्ड.

विमानाचंही सांगते. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नव्हतं, ते तुम्ही वाचलं असेल. बाकीचे प्रवासी आईवडिलांच्या बाजूने बोलत होते, तरी नाही. त्या कंपनीला पाच लाखांचा दंड झाला आणि नंतर नियम बदलला: अपंगत्वाच्या कारणावरून कंपनीने परस्पर नाकारायचं नाही, प्रकृती बिघडेल अशी शंका असेल तर डॉक्टरने प्रत्यक्ष तपासून मत द्यायचं. ती बातमी वाचून आम्ही ठरलेली विमानाची तिकिटं रद्द केली होती. नियम बदलल्यावरही वर्षभर धीर झाला नाही.

विमानाऐवजी आम्ही माथेरानला गेलो. २०१९ च्या पावसात वाहून गेलेला नेरळ–माथेरान मार्ग ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला, ही बातमी घरात कोणी आणली असेल ते सांगायला नको. ती रेल्वे १९०७ ची, हेही त्यानेच सांगितलं. तो टॉय ट्रेनने बाबांबरोबर वर आला. मी आणि धाकटी टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणि पुढे लाल मातीतून चालत. माथेरानमध्ये मोटारगाड्या नाहीत. हॉर्न नाही. अर्ध्या वाटेवर धाकटीने कानझाकणे काढले आणि माझ्या हातात दिले. घराबाहेर तिने ते स्वतःहून काढलेले मी पहिल्यांदा पाहिले.

तिथे त्या वाटेवर मला आपली सहल आठवली. आणि तो मुलगा.

तुमच्यापैकी ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल. मध्य रेल्वेचं वेळापत्रक त्याच्या दप्तरात असायचं. कुठलीही गाडी विचारा, वेळ सांगायचा. खूश झाला की हात पंख्यासारखे हलवायचा. मधल्या सुट्टीत आपण त्याला मुद्दाम चुकीची वेळ सांगायचो, म्हणजे तो चिडायचा, आणि मग त्याच्या हातांची नक्कल करायचो. ती नक्कल मी सगळ्यात छान करायचे. सगळे हसायचे.

माथेरानच्या सहलीच्या आधी बाईंनी वर्गात विचारलं होतं, “याच्याबरोबर दोन दिवस कोण राहील? एकाने जबाबदारी घेतली तर मी त्याला नेते.” बाई, तुम्ही आज समोर आहात, तुम्हाला आठवत नसेल. एवढ्या मुलांमागे तुम्ही तीन शिक्षक होता. तुम्ही विचारलं होतं, हे मला सगळ्यांसमोर सांगायचं आहे. मी वर्गाची मॉनिटर होते आणि त्याच्या शेजारच्या बाकावर बसत होते. मी हात वर केला नाही. कोणीच केला नाही. ज्या मुलाला नेरळच्या गाडीची वेळ पाठ होती, तो त्या गाडीत बसला नाही.

त्याला ऑटिझम होता का, हे मी सांगू शकत नाही. तेव्हा आपल्यापैकी कोणी तो शब्दही ऐकला नव्हता. पण हात वर करायला तो शब्द माहीत असायची गरज नव्हती. पिना विकणाऱ्या बाईलाही तो माहीत नसणार.

आपल्या ग्रुपवर आज एकशे बारा जण आहेत. तो नाही. मी विचारून पाहिलं, नंबर कोणाकडेच नाही. ते जुन्या चाळीत राहायचे, ती पाडून आता टॉवर झाला आहे. दहावीनंतर त्याचं काय झालं, कोणालाच ठाऊक नाही. शाळेच्या दप्तरात जुना पत्ता असेल. तुमच्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी पालिकेत, कोणाची आई अजून त्याच भागात भाजी घेते. माझी पहिली विनंती ही, की त्याला शोधायला मला मदत करा. त्याला यायचं नसेल तर तोही त्याचा अधिकार आहे. पण बोलावणं तरी जाऊ दे. एकतीस वर्षं उशिरा.

दुसरी विनंती लहान आहे. माझी मुलं आज इथे नाहीत. नवराही नाही, तो त्यांच्याजवळ घरी आहे. हे स्पीकर धाकटीला सोसले नसते. पुढच्या वर्षी सहल काढणार आहोत, असं समितीने जाहीर केलं. बसमध्ये गाणी थोडी हळू लावा, आणि जेवणाच्या ठिकाणी एक शांत खोली मागून ठेवा. एवढ्यावर आम्ही चौघं येऊ. अजूनही एखादं घर येईल, जे आज काही कारण सांगून आलेलं नाही.

आणि बाई, तुम्ही पुन्हा एकदा विचाराल का, कोण जबाबदारी घेतं म्हणून? या वेळी माझा हात वर आहे.